देखणा फरारी

हवालदाराने पोस्टर भिंतीवर चिकटवलं, चारी कोपरे तळहाताने दाबले आणि तो बाजूला झाला. फोटोमास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पोस्टरवरचा माणूस ओळखायच्या आधी त्यांनी त्याचा कोट ओळखला. न ओळखून करतात काय? तो कोट त्यांच्याच स्टुडिओच्या दारामागे खुंटीला लटकत होता. पुढून बघावं तर बॅरिस्टरचा, मागून बघावं तर नुसत्या नाड्या. लठ्ठ, रोड, उंच, बुटका, कुणालाही बसावा म्हणून मास्तरांनी तो पाठीवर उभा चिरून तिथे बांधायला नाड्या शिवून घेतल्या होत्या.

“नीट बघून ठेवा,” हवालदार म्हणाला. “एकच घर डझनभर लोकांना भाड्यानं दिलंय पठ्ठ्यानं. सगळे सामानाचे टेम्पो घेऊन एकाच दिवशी दारात हजर झाले, तेव्हा कळलं. आता ह्याचा फोन बंद.”

“अरेरे!” मास्तर म्हणाले. आवाज जरा चिरकलाच. “पण मग त्या लोकांनी तर पाहिला असेल ना हा?”

“कुठला? सगळा कारभार फोनवर. घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, जा म्हणायचं, बघून या. जाहिरातीत हा फोटो, दलालीच्या परवान्यावर हाच फोटो. दुसरा आमच्याकडं नाही.” हवालदाराने हातरुमालाने मान पुसली. “आणि ऐका, नवा हुकूम निघालाय. हा इसम गिऱ्हाईक म्हणून दुकानात आला आणि दुकानदारानं कळवलं नाही, तर दुकानाला टाळं. तुम्ही तर काय, पाटीवाले. तुमच्यावर जास्त जबाबदारी.”

पाटी म्हणजे दाराबाहेरची पितळी पाटी. ‘सरकारी कामासाठी मान्यताप्राप्त छायाचित्रकार.’ परवाने, ओळखपत्रं, पासपोर्ट, असल्या सगळ्या कामांना याच स्टुडिओतला फोटो चालायचा. त्या पाटीवर मास्तरांचं घर चालत होतं. आणि ती मान्यता देताना सरकारी साहेबांनी एकच अट घातली होती, की फोटोत काडीचाही फेरफार करायचा नाही. माणूस जसा आहे तसा.

आता मास्तरांचं काय होतं, की ही अट त्यांना मुळातच माणुसकीला सोडून वाटायची. “खरं बोलायला आरसा आहेच की रोज,” ते म्हणायचे, “त्यासाठी माझ्याकडे कशाला यायला हवं?” गिऱ्हाईक निघून गेलं, की ते संगणकासमोर बसायचे आणि कामाला लागायचे. कुणाचा मस घालवला, कुणाची दुसरी हनुवटी पुसली, कुणाच्या कपाळावर केस आणून लावले. रंग तर सगळ्यांचाच उजळायचा. कुणी सांगितलेलं नसायचं, कुणी जादा काही देत नसायचं. पण फोटो हातात पडला की माणसाचा चेहरा असा फुलायचा, की बघून मास्तरांचं पोट भरायचं.

हा पोस्टरवरचा प्राणीही असाच एका दुपारी आला होता. नाकाशेजारी चांगला हरभऱ्याएवढा मस, एका भुवईतून आरपार गेलेला जुना व्रण, पुढचे केस गेलेले, एक कान बाहेर आलेला आणि डोळे असे बारीक, की समोरच्याने खिसा चाचपावा. मास्तरांना त्याची दया आली. दिवसभर खपून त्यांनी त्याला माणसात आणलं होतं. पोस्टरवर आता होता तो एक गोरापान, दाट केसांचा, सौम्य हसणारा सद्गृहस्थ.

हवालदार जाताच काउंटरवर फोटो कापत बसलेल्या बायकोने कात्री खाली ठेवली. “अहो, हा तोच ना? मस असलेला?”

“हळू बोल.”

“मग जाऊन सांगा की ठाण्यात, हा काही असा दिसत नाही म्हणून.”

“आणि कसा दिसतो विचारलं तर?”

“तर सांगायचं कसा दिसतो ते.”

“आणि मग असा कसा झाला विचारलं तर?”

तिने कात्री पुन्हा उचलली. मास्तर पाटीच्या दिशेने बघत म्हणाले, “पाटी गेली तर करायचं काय आपण? पाळण्यातल्या पोरांचे फोटो काढत फिरू?”

“फिरा. पोरं मुळातच गोड असतात. तुम्हाला हात लावायला काही उरणार नाही, तेवढंच दुःख.”

मास्तरांनी मग मनाची समजूत घातली. आणि समजूत घालण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. असा दिसणारा माणूस जगात नाहीच, तर सापडणार कोण? कुणीच नाही. म्हणजे कुणाचं नुकसान? कुणाचंच नाही. चार दिवस पोस्टर भिंतीवर राहील, मग त्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवेल. झाकली मूठ, असं म्हणून ते जेवायला बसले.

घोडं पेंड खायचं ते नेमकं इथेच. असा दिसणारा माणूस गावात नव्हता हे खरं. पण असा दिसणारा फोटो गावातल्या निम्म्या पुरुषांच्या खिशात होता.

सुरुवात बेकरीवाल्यापासून झाली. दुकानाला टाळं लागण्याच्या भीतीने त्याने ठरवून टाकलं, की संशय आला रे आला की कळवायचं. कळवलं तर फार तर हवालदाराला दोन बिस्किटं द्यावी लागतील, न कळवलं तर सगळी भट्टी जाईल. एक अनोळखी गृहस्थ पाव घेताना सारखे घड्याळाकडे बघत होते, एवढ्यावर त्याने फोन फिरवला. ते होते बँकेतले कॅशियर. हवालदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि तो हसला. “छे, हे कुठले!” म्हणून सोडणारच होता. पण रीतीप्रमाणे त्याने ओळखपत्र मागितलं. ओळखपत्र बघितलं आणि त्याच्या तोंडचं हसू गेलं. तोच कोट, तोच भांग, तेच सौम्य हसू.

“हा फोटो तुमचा?”

“अर्थात माझा.”

“तुमच्यासारखा वाटत नाही.”

“सगळे म्हणतात, फार छान आलाय,” कॅशियर अभिमानाने म्हणाले, आणि ठाण्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर गेले. एका पेशंटची दाढ बधिर करून ठेवलेली, हातात पक्कड, आणि दारात हवालदार. पेशंट बिचारा अर्धं तोंड उघडं ठेवून मागोमाग ठाण्यात गेला, त्याला निषेधसुद्धा नोंदवता येईना. त्यानंतर एक गणिताचे शिक्षक, एक गवंडी, दोन सख्खे भाऊ. माणूस बघितला तर जुळायचा नाही, पण कार्ड बघितलं की जुळायचं. आणि हवालदाराला वरून हुकूम होता तो फोटोचा, माणसाचा नव्हता. न्हाव्याने कळवलं, चपलेवाल्याने कळवलं, लॉन्ड्रीवाल्याने तर स्वतःच्या व्याह्याला कळवलं. अर्थात त्यांचं आधीपासून बिनसलेलं होतं, हा भाग वेगळा. ठाण्यात बसायला बाकं पुरेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशांची रांग लागली होती.

मास्तर रोज एकेक बातमी ऐकत होते आणि रोज त्यांचा एकेक घास कमी होत होता. रात्री बायको विचारायची, “आज कोण?” ते सांगायचे. ती ऐकून ताटं उचलायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग एका सकाळी मेहुणा गेला. हा बायकोचा धाकटा भाऊ. कामधंद्याला नुकताच लागलेला, लग्न ठरलेलं, आणि होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन बूट खरेदीला गेलेला. बुटाच्या दुकानदाराने त्याला डावा बूट घालायला दिला आणि उजवा आणतो म्हणून आत जाऊन फोन केला. पुढचा प्रकार सासऱ्यांच्या देखत झाला. एका पायात नवा बूट आणि एका पायात जुनी चप्पल, अशा थाटात जावईबापू ठाण्यात पोचले.

“भाऊजींनी काढलेला फोटो आहे हो!” तो ओरडून सांगत होता म्हणे. “त्यांना विचारा!” पण तिथे बसलेला जो तो आपापलं काहीतरी ओरडून सांगत होता.

फोन आला तेव्हा बायकोने डबा भरायला घेतला. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजत होती. “त्याचे सासरे म्हणाले, चौकशी पुरी होऊ द्या, मग बघू. मग बघू म्हणजे काय, कळतं ना तुम्हाला? लग्न मोडलं म्हणून समजा.” डब्याचं झाकण तिने असं लावलं, की ते परत उघडेल की नाही शंका यावी. “तुमची पाटी मोठी की माझा भाऊ, तेवढं ठरवून ठेवा. मी येतेच.”

ती गेली. मास्तर काउंटरमागच्या स्टुलावर बसून राहिले. पाटी गेली तर घर बसणार. पाटी राखली तर मेहुणा बसणार, आणि बायको पुन्हा आपल्याशी नीट बोलेल याची काही खात्री नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तरांना अगदी मनापासून रडावंसं वाटलं, पण तेवढ्यात दारातली घंटी वाजली आणि गिऱ्हाईक आत आलं.

नाकाशेजारी मस. भुवईत व्रण. एक कान बाहेर.

“नमस्कार, काका!” तो प्रसन्न आवाजात म्हणाला. “ओळखलंत ना? तुम्ही ओळखणारच. जगात तुम्ही एकटेच.”

मास्तर स्टुलावरून अर्धवट उठले. तो मात्र आरामात पोस्टरसमोर जाऊन उभा राहिला, मागे हात बांधून, प्रदर्शनात चित्र बघावं तसा.

“काय काम आहे हो हे! परवा मी ठाण्यात जाऊन आलो. पाकीट हरवल्याची तक्रार द्यायची होती. ह्याच पोस्टरखाली तासभर बसलो. तिथल्या शिपायानं मलाच सांगितलं, दिसला तर कळवा म्हणून.”

“तुम्ही... तुम्ही इथं का आलात?” मास्तरांनी कसंबसं विचारलं. “मला कळवावं लागेल. हुकूम आहे.”

“कळवा की. पण काय कळवणार?” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “पोस्टर एकीकडं, मी एकीकडं. कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवायचा म्हटला, तर तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही काय केलंत. मग ती बाहेरची पाटी गेली. मला वाईट वाटेल हो. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.” हे तो खरंच मनापासून बोलत होता, आणि त्यामुळे मास्तरांना जास्तच कसंतरी झालं. “मी आलोय फोटोसाठी. दुसऱ्या गावी जायचंय, नवं कार्ड लागेल. पण या वेळी आहे तसा काढा. बोटसुद्धा लावू नका.”

“आहे तसा?”

“मग! तुमचा फोटो खिशात असला की पकडतात हल्ली. बँकवाल्याला पकडलं, दातवाल्याला पकडलं. मला कशाला ती रिस्क? मला माझाच चेहरा सगळ्यात सुरक्षित.”

इतकी वर्षं धंदा केला, पण खरा फोटो मागणारं पहिलं गिऱ्हाईक मास्तरांना आज भेटलं होतं, आणि ते होतं हे! सवयीने त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, सवयीने कोट पुढे केला. “कोट नको,” तो म्हणाला. दिवे लागले. फोटो निघाला. मास्तर आत जाऊन संगणकासमोर बसले. पडद्यावर तो चेहरा उमटला आणि त्यांचा हात आपसूक मसाकडे गेला. तिथेच थांबला. बाहेरून आवाज आला, “काका, प्रामाणिकपणे हं!”

छपाईयंत्र घरघरत असतानाच घंटी पुन्हा वाजली. हवालदार आला होता. बाकावर गिऱ्हाईकाच्या शेजारी धपकन बसला आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मास्तर, चला जरा ठाण्यात. तुमचा मेहुणा म्हणतो मी तो नव्हे, तुमची मंडळी म्हणतात तो माझा भाऊ. फौजदारबाई म्हणाल्या, फोटोवाल्यालाच आणा.” मग त्याने शेजाऱ्याकडे बघून मान हलवली. “काय सांगू तुम्हाला, झोप नाही आठवडाभर. एक माणूस शोधायला सांगितला, सापडले पन्नास.”

“अवघड काम आहे तुमचं,” गिऱ्हाईक कळवळून म्हणालं. “पाणी घेता?” आणि त्याने काउंटरवरचा मास्तरांचाच तांब्या उचलून हवालदाराला पेला भरून दिला.

हवालदार घटाघटा पाणी प्यायला. मास्तर आतल्या खोलीच्या दारात उभे राहून ते दृश्य बघत होते. हातात गरम गरम फोटो. गिऱ्हाईकाने हात पुढे केला, हसून, अगदी विश्वासाने. तो विश्वासच मास्तरांना सहन झाला नाही. हा माणूस आपल्याला आपला समजतो! बँकवाला, दातवाला, मेहुणा एका बाजूला, आणि आपण आणि हा एका बाजूला. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, चारचौघांत धोतर सुटावं तशी.

“हवालदार,” ते म्हणाले, “हाच तो.”

“कोण तो?”

“पोस्टरवरचा.”

हवालदाराने पोस्टरकडे बघितलं, शेजाऱ्याकडे बघितलं आणि तो इतका हसला, की पेल्यातलं उरलेलं पाणी टोपीत सांडलं. “मास्तर, मेहुण्याला सोडवायला ह्या गरिबाला अडकवता होय? अहो, काहीतरी जुळवून तरी आणायचं!”

“बघा ना,” गिऱ्हाईक दुखावल्या आवाजात म्हणालं.

आता आली का पंचाईत? पापाची कबुली द्यायला निघावं आणि ती कुणी घेऊच नये! मास्तरांनी हवालदाराचा दंड धरला आणि त्याला आत संगणकासमोर नेऊन बसवलं. पोस्टरचा फोटो पडद्यावर आणला. “बघा,” ते म्हणाले, आणि त्यांनी केलेलं एकेक काम उलटं फिरवायला सुरुवात केली.

आधी रंग उतरला. मग कपाळावरचे केस गेले. “अगं आई,” हवालदार पुटपुटला. कान हळूच बाहेर आला. भुवई फाटली. डोळे बारीक झाले. मास्तरांना एकेक कळ दाबताना त्या दिवसाची मेहनत आठवत होती. पण हात थांबला नाही. इतक्यात त्यांना खांद्यामागे श्वास जाणवला. गिऱ्हाईक पळालं नव्हतं. दार उघडं होतं, रस्ता मोकळा होता, पण आपलाच चेहरा परत येताना बघायला तो दोघांच्या मध्ये डोकं घालून उभा होता.

“मस राहिला,” त्यानेच आठवण केली.

मास्तरांनी शेवटची कळ दाबली. मस आला. हवालदाराने सावकाश मान वळवली. त्याच्या नाकापासून चार बोटांवर तोच मस होता.

ठाण्यात गर्दी ओसरायला वेळ लागला. कॅशियर गेले, शिक्षक गेले, गवंडी गेला. मेहुणा एका पायात नवा बूट घालून बहिणीशेजारी उभा होता. त्याच्या सासऱ्यांना फौजदारबाईंनी स्वतः फोन करून ‘मुलगा निर्दोष आहे’ म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांनी ‘तरी आम्ही म्हणतच होतो’ असं उत्तर दिलं होतं. मास्तर टेबलासमोर, शाळेत उभं केल्यासारखे.

“किती वर्षं चाललंय हे?” फौजदारबाईंनी विचारलं.

“मदत म्हणून करत होतो, बाई.”

“कुणाला?”

फौजदारबाईंनी खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं, त्यावरचा फोटो बराच वेळ बघितला, मास्तरांकडे बघितलं आणि ओळखपत्र परत खिशात ठेवलं.

“मान्यता आजपासून बंद,” त्या म्हणाल्या. “हवालदार, जाताना पाटी काढून आणा. आणि ह्या माणसाचा फोटो फायलीला लागेल. तो आत्ताचा आहे ना? तोच लावा.”

गिऱ्हाईकाने, म्हणजे आता आरोपीने, तो फोटो मागून घेतला. खिडकीकडे धरून बघितला. मघाचा त्याचा उत्साह कुठे गेला कुणास ठाऊक.

“असाच आहे मी,” तो म्हणाला. “हा चेहरा घेऊन मी आधी बरीच वर्षं दलाली केली, बाई. खरी घरं, खऱ्या मालकांची. दारात उभा राहिलो, की लोक आतनं कडी लावायचे. शब्द बोलायच्या आत. एक घर धड भाड्यानं गेलं नाही माझ्या हातून. मग परवान्यासाठी काकांकडनं फोटो काढला, तो जाहिरातीत टाकला, आणि फोन थांबेना. लोक म्हणायचे, भेटायची गरज नाही, तुमचा चेहराच सांगतो. मग मीही भेटायचं सोडलं. भेटलो असतो तर त्यांना कळलं असतं ना, फोटोतला माणूस दुसराच आहे ते.” त्याने फोटो टेबलावर ठेवला. “ह्या चेहऱ्यानं मी कधी कुणाला फसवलं नाही. जमलंच नसतं.”

हवालदार लिहिता लिहिता थांबला. मेहुण्याने नव्या बुटाकडे बघितलं. मास्तरांना वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. मी तर फक्त तुला बरं दिसावं म्हणून, असं काहीतरी. पण ते वाक्य तोंडात आल्यावर त्यांनाच कडू लागलं. त्यांनी आजवर हजारो चेहरे उजळले होते, आणि त्या चेहऱ्यांमागच्या माणसांनी पुढे त्यांचं काय केलं, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. हाताला जमत होतं, म्हणून ते करत गेले होते.

फौजदारबाईंनी खुर्ची मागे सरकवली. “मास्तर, त्या भिंतीला टेकून बसा.”

“मी? कशाला?”

“तुमचाही फोटो लागणार फायलीला.”

“साक्षीदार म्हणून?”

“साक्षीदार की आणखी काही, ते वरचे ठरवतील. फोटो दोन्हीला लागतो.”

मास्तर भिंतीशी बसले. हवालदाराने खिशातून मोबाइल काढला आणि हात लांब करून धरला. एवढासा तो डोळा आपल्यावर रोखलेला बघून मास्तरांना दरदरून घाम फुटला. आयुष्यभर ते कॅमेऱ्याच्या मागे राहिले होते. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की या बाजूला बसलं की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, मान आपली वाटत नाही, आणि समोरच्याच्या मनात काय आहे याची भीती वाटते. त्यांनी केस सारखे केले. हनुवटी थोडी वर घेतली.

“हवालदार,” ते हळूच म्हणाले, “उजवीकडून घ्या हं. आणि नंतर जरा... डोळ्यांखालचं काही करता आलं तर...”

“मास्तर!” फौजदारबाई म्हणाल्या.

मास्तरांनी हनुवटी खाली केली. खट्ट आवाज झाला. हवालदाराने मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर एक खांदे पाडून बसलेला म्हातारा होता, डोळ्यांखाली पिशव्या, तोंड किंचित उघडं, काहीतरी चुकल्यासारखा. मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले.

“हा काही माझ्यासारखा आला नाही,” ते म्हणाले.

बायकोने रिकामा डबा दुसऱ्या हातात घेतला, त्यांच्या खांद्यावरून वाकून फोटो बघितला आणि पदराने मोबाइलवरचा घामाचा ठसा पुसला.

“चांगला आलाय की,” ती म्हणाली. “मी तर रोज ह्यांच्याच ताटात वाढते.”